मऊपणाच्या मागावर: कोल्हापूर ते सावंतवाडी

सोमवार, कोल्हापूर

महालक्ष्मी एक्स्प्रेसमधून उतरताना आत्याची यादी तयार होती: अंबाबाईचं दर्शन, मिसळ, चप्पल. याच क्रमाने. माझ्या डोक्यात दुसरंच होतं. मी गोधड्या शिवते. जुनी लुगडी, धुऊन धुऊन विटलेल्या सुती साड्या, फाटायला आलेली धोतरं असं सगळं माझ्याकडे येतं तेच मुळी मऊ होऊन. कुणीतरी वर्षानुवर्षं नेसून ते काम आधीच केलेलं असतं, मी फक्त धावदोरा घालते. जे मुळात मऊ नाही ते मऊ कसं करतात, आणि मुख्य म्हणजे कुठे थांबतात, हे कामाच्या जागी जाऊन बघायचं होतं. आत्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून तिला घरात चैन पडत नाही, म्हणून ती बरोबर आली.

दर्शन आणि मिसळ उरकून सुभाषनगरात गेलो. महाद्वार रोडच्या बाजूला चप्पल लाईन आहे, तिथे माल मिळतो. काम बघायचं तर सुभाषनगर किंवा जवाहरनगर गाठावं. दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत कारखाना. साठी ओलांडलेले एक काका ओला तळ दगडावर ठेवून हातोडीने ठोकत होते. मला वाटलं होतं, ठोकून मऊ करत असतील. काका हसले. "ठोकून मऊ कुठलं ओ ताई? ठोकल्यावर दबतंय, घट्ट हुतंय. मऊ पाण्यानं हुतंय. पाण्यात भिजलं नाही तर रापी चालत नाही."

रापी म्हणजे कातडं कापायचं हत्यार. म्हणजे भिजवायचं कापण्यापुरतं आणि वळवण्यापुरतं. मग ठोकून घट्ट करायचं. तळ म्हशीच्या कातड्याचा असतो, आणि सगळी शिलाई चामड्याच्याच वादीने. अस्सल कोल्हापुरीत खिळा नसतो. आरीने भोक पाडून वादी ओवताना काका ती ओठात धरून ओली करत होते. त्यांचा अंगठा मात्र असा राठ झाला होता, की आरी निसटून त्यावर आली तरी त्यांनी नुसता झटकला आणि बोलणं पुढे चालू ठेवलं.

कातडं तसंच वाळवलं तर फळीसारखं टणक होतं आणि ओलं ठेवलं तर सडतं. या दोन्हींतून त्याला सोडवायचं म्हणजे कमावणं. आधी चुन्यात टाकून केस काढायचे, मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात मुरवायचं. पूर्वी इथे कातड्याचीच पिशवी शिवून, तिच्यात सालीचं पाणी भरून ती टांगून ठेवत. पाणी आतून झिरपत राहायचं. साल-हिरड्यातला तुरट अंश कातड्यातल्या तंतूंना धरून बसतो, त्यामुळे ते सडतही नाही आणि कडकही होत नाही. याला आठवडे लागतात. क्रोमचे क्षार वापरले तर एखाद-दोन दिवसांत भागतं, आणि जगातलं बहुतेक कातडं आज तसंच कमावतात. ते पहिल्या दिवसापासून लुसलुशीत असतं.

आत्याने नेमकं तेच मागितलं. तिला एकही चप्पल पुरेशी मऊ वाटेना. काकांनी भिंतीवरच्या एका जोडाकडे बोट केलं. "ती क्रोमची. मऊ हाय. पण ती कुणाच्याबी पायाला मऊ. ही सालीची हाय ती चार दिस चावंल, मग तुमच्याच पायाची हुईल. दुसऱ्यानं घातली तर त्याला चावंल." सालीच्या कातड्यावर पायाच्या घामाने, उबेने, वजनाने ठसा बसतो. टाचेचा खळगा, अंगठ्याची जागा, सगळं तिथे नोंदलं जातं. क्रोमचं कातडं दाब निघाला की बरंचसं पूर्ववत होतं. मला वाटतं, माणसांतही हे दोन प्रकार असतात. सगळ्यांशी सारख्याच गोड बोलणाऱ्या माणसाशी माझं फारसं कधी जमलेलं नाही.

मग घासाघीस सुरू झाली. काकांनी एकदा किंमत उतरवली, दुसऱ्यांदा उतरवली. आत्या तिसऱ्यांदा तोंड उघडणार तेवढ्यात आत वेणी घालत बसलेल्या सूनबाईंचा आवाज आला, "मावशी, मऊ लागलं म्हणून कोपरानं खणू नका!" खोलीतले सगळे हसले, आत्यासुद्धा. पैसे मोजून झाल्यावर सूनबाईंनी बाहेर येऊन खोबरेल तेल कसं लावायचं ते दाखवलं: वरून नाही, चपलेच्या कानाच्या, म्हणजे बाजूच्या पाळीच्या, आतल्या बाजूने, रात्री, बोटभर. पट्ट्यावरची वेणी त्यांच्याच हातची होती. चामड्याच्या बारीक पट्ट्या इतक्या झपाट्याने एकमेकींत जात होत्या, की मला फक्त बोटं दिसत होती.

कोल्हापुरी चप्पलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांना. काकांना याबद्दल विचारलं तर म्हणाले, कागद आला असेल कुणाकडे तरी.

मंगळवार, हुपरी आणि पट्टणकोडोली

आत्याचा उजवा अंगठा सोलवटला. पट्टी लावून तीच चप्पल घातली. हट्टी आहे.

हुपरी चांदीचं गाव. पैंजण इथे घरोघर होतात. एका कारागिराने तार ओढून दाखवली. पोलादी पट्टीला लहान होत जाणारी भोकं असतात. चांदीची जाड तार एकेका भोकातून ओढत बारीक करायची. दोन-तीन भोकं पार झाली की तार अंगात येते, ताठ होते, वाकवली तर स्प्रिंगसारखी परत उठते. तेव्हा त्याने तिचं वेटोळं केलं आणि बत्तीचा जाळ लावला. फिकट लाल झाली तशी चिमट्याने उचलून पाण्यात टाकली. चर्रर आवाज. बाहेर काढून माझ्या हातात दिली तर सुतासारखी लोळत होती.

पोलादाचं पातं तापवून पाण्यात विझवलं तर कडक होतं. चांदी विझवली तरी मऊच राहते. ओढल्याने, ठोकल्याने धातूच्या आतले कण दाटीवाटीने अडकतात, ताव दिला की ते पुन्हा सुटे होऊन नव्याने बसतात. कारागीर मात्र एवढंच म्हणाला, "दमती ती. ताव दिला की सैल हुती."

"आणि ताव न देता तसंच ओढत राहिलं तर?" आत्याने विचारलं.

"तुटती की."

आत्या आमच्या घराण्यात कडक म्हणून प्रसिद्ध. तिच्या हातातल्या लाकडी पट्टीच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकत आले आहे. तिने ती तार परत मागून घेतली, बोटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. "आम्हाला बी.एड.ला हे कुणी सांगितलं नाही," एवढं म्हणून ती दुकानातल्या जोडव्यांकडे वळली.

हुपरीहून पट्टणकोडोली अगदी जवळ. विठ्ठल-बिरदेवाच्या जत्रेत भंडाऱ्याने हे गाव पिवळं होतं. आम्ही गेलो तेव्हा जत्रा नव्हती, रस्ते रिकामे होते. घोंगडी विणणाऱ्या एका आजींकडे गेलो. खड्डामाग म्हणजे जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून चालवायचा माग. आजींचे गुडघे आता त्यात उतरायला नको म्हणतात, म्हणून मुलगा विणतो आणि आजी चुका काढतात.

काळी लोकर हातात घेतली. दख्खनी मेंढीची. राठ, टोचरी, थोडी तेलकट. लोकर टोचते त्याला साधं कारण आहे. साधारण 30 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतू असला तर त्याचं टोक कातडीवर टेकल्यावर वाकत नाही, उलट दाबतं. पश्मिना 12 ते 16 मायक्रॉनची असते, म्हणून ती गालाला लावावीशी वाटते. दख्खनी लोकर त्या मानाने फारच जाड. पण आजींनी आतून एक पुरचुंडी आणली. कोकराची पहिली कातरण, जावळ. तिच्यात बोटं घातली तर ती आत बुडाली. जावळाचं घोंगडं वेगळं होतं आणि महागही, कारण एका कोकराच्या अंगावर ते असतं किती आणि निघतं किती वेळा?

"मग जावळाचीच का नाही विणत?" आत्या.

"आन् पावसात काय पांघरायचं?" आजी.

आजींचं म्हणणं चोख होतं. मेंढपाळाला घोंगडं हवं पावसात डोक्यावर घ्यायला, काट्याकुट्यात अंथरायला, कोकरू गुंडाळायला. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओल पिऊनही अंगाला ओली लागत नाही. जाड तंतू लवकर झिजत नाही. वर ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात. चिंचोके भाजून, साल काढून, दळून, शिजवून केलेला चिकट रांधा कुंच्याने दोऱ्यांवर फिरवायचा. त्याने सूत ताठ होतं, विणताना तुटत नाही, आणि नवं घोंगडं जवळजवळ उभं राहील इतकं कडक लागतं. आजींचा मुलगा कुंचा फिरवत होता, तेव्हा एकही दोरा दुसऱ्याला चिकटू नये म्हणून मधूनच फुंकर घालत होता. धिप्पाड माणूस, मिशा अशा, आणि ओठांचा चंबू करून दोऱ्यांवर फुंकर.

खरी रड वेगळीच आहे. बाजाराला बारीक लोकर हवी, म्हणून या लोकरीला भाव नाही. कातरणाऱ्याची मजुरी लोकरीतून सुटत नाही, तेव्हा कितीतरी मेंढपाळ कातरलेली लोकर टाकून देतात. मेंढरं आता मटणासाठी पाळायची. मऊ म्हणजे चांगलं, हा दुकानातला समज किती लांबवर जाऊन कुणाचा माग बंद पाडतो ते इथे दिसलं. मी एक घोंगडं सांगून ठेवलं. टोचरंच.

बुधवार, मिरज

आत्याच्या दोन्ही चपलांच्या कानांना तेल पाजून झालं होतं. सकाळी तिने न लंगडता स्टेशनचा जिना चढला.

मिरजेत सतारमेकर गल्ली शोधायला पत्ता लागत नाही, आवाजावर जावं. इथल्या तंतुवाद्यांचा इतिहास एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जातो. फरीदसाहेब सतारमेकर हे मूळ पुरुष, घराणं शिकलगारांचं. म्हणजे तलवारींना पाणी देणारे, धार लावणारे हात. तलवारींचे दिवस संपल्यावर ते सतारीकडे वळले. 2024 मध्ये मिरजेची सतार आणि तानपुरा दोघांनाही भौगोलिक मानांकन मिळालं. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेतच राहिले, आणि इथल्या दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी गाणं होतं.

ज्या दुकानात गेलो तिथे दाराशीच भोपळ्यांची रास. हे भोपळे मुख्यतः पंढरपूर भागातून येतात, वाळलेले, टणक. तबल्याच्या बोलासारखे वाजतात. त्यांना पाण्यात भिजवून नरम करतात, तोंड कापून आतला गर खरवडतात आणि आत काठ्या अडकवून हवा तो घेर देतात. वाळला की भोपळा तोच घेर धरून बसतो. तुणीच्या लाकडाची दांडी, लाखेचं पॉलिश, पानाफुलांची नक्षी हे सगळं त्यानंतर. एका कोपऱ्यात पाचसहा भोपळे पोटात काठ्या घेऊन वाळत पडले होते.

आम्ही ज्यासाठी आलो होतो ते काम दुपारी निघालं: जवारी. तानपुऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा सपाट दिसतो, पण त्याला न दिसेल इतका उतार असतो. तार छेडली की ती या उतारावर थरथरत घासते, आणि त्या घासण्यातून सुरांचा तो दाट, भरलेला आवाज उठतो. उतार जरा चुकला की तार एक तर बद्द वाजते किंवा चिरकते. कानस किती फिरवायची हे मोजायला साधन नाही. कारागीर कानशीचे दोन हलके हात मारायचा, बोटाने माथा पुसायचा, तार छेडायचा, मान तिरकी करायचा. पुन्हा दोन हात. आत्या काहीतरी विचारायला लागली तर तिच्याकडे न बघताच म्हणाला, "बोलू नका." मास्तरणीला गप्प बसवणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

मग त्याने सुताचा एक तुकडा घेतला आणि तार व घोडी यांच्यामध्ये सरकवला. साधा सुती दोरा. मागे सरकवला, आवाज कोरडा. पुढे सरकवला, अजून कोरडा. मग नखाने केसभर मागे, आणि खोली भरली. मला दुसरा शब्द सापडत नाही. तार तीच, लाकूड तेच, मध्ये एक दोरा, आणि त्या कडक हाडाच्या घोडीवरून सूर गोल होऊन यायला लागला. धारवाडकडचे एक गायक वाद्य न्यायला आले होते, त्यांनी डोळे मिटले. "जरा खुली ठेवा," म्हणाले. म्हणजे अजून थोडी धार हवी. अगदी गोल जवारी काहींना आवडते, यांना नको होती. कारागिराने दोरा आणखी इवलासा हलवला आणि दोघांच्याही माना एकदम डोलल्या.

आत्याला वाजवून बघायचं होतं. चार तारा, पहिली मधल्या बोटाने, उरलेल्या तीन तर्जनीने. तिने पहिल्या तारेला असा हिसका दिला, की ती घोडीवर आपटली. "ओढू नका," तो म्हणाला, "बोट टेकवा आणि सोडा." नख लागता कामा नये, बोटाचा मांसल भागच हवा. आत्याची बोटं दोन-चार फेऱ्यांत सरावली. मग ती थांबेचना. इलेक्ट्रॉनिक तानपुरा आल्यापासून मागणीवर काय परिणाम झाला, हे मी विचारत होते, त्याचं उत्तर तिच्या वाजवण्यात अर्धं बुडालं. एवढं कळलं, की शिकाऊ लोक ती इलेक्ट्रॉनिक पेटी घेतात आणि मैफिलीला बसणारे इथेच येतात.

रात्री लॉजवर पायाला तेल चोळता चोळता ती म्हणाली, "पाचवीत एक मुलगा होता. पाढे म्हणायला उभा केला की रडायचा. मी पट्टी मारायची, तो आणखी चुकायचा. आता बँकेत मोठा साहेब आहे. भेटला की वाकून नमस्कार करतो."

"मग चांगलं आहे की."

"तो नमस्कार करताना अजून खांदे आवळतो गं."

पुढे ती काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

गुरुवार, आंबोलीमार्गे

एसटी, ऊस, वळणं. घाटात धुकं होतं. आत्या झोपली होती. सावंतवाडीत उतरल्यावर मोती तलावाच्या काठी चहा, मग खोली. लिहिण्यासारखं एवढंच.

शुक्रवार, सावंतवाडी

चितारआळीत दोन्ही बाजूंना लाकडी फळं. केळी, वांगी, मिरच्या, कापलेलं कलिंगड. जुने कारागीर यासाठी पांगाऱ्याचं लाकूड वापरत. ते हलकं, नरम, पटाशीखाली सहज निघणारं. एका दुकानातल्या मामांनी पांगाऱ्याचा ठोकळा हातात दिला तर वजनच लागेना. "हलक्यां आसा, पण कीड लवकर लागता," मामा म्हणाले. म्हणून आता आंबा आणि दुसरी लाकडंही चालतात. त्यांवर पटाशी अडते, मग वांग्याची गोलाई जरा कमी गोल होते. मामांच्या दुकानात जुनं आणि नवं वांगं शेजारी ठेवून बघितलं. फरक होता. गिऱ्हाईकाला तो दिसत नाही, असं मामांचं म्हणणं.

राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, बघायला गेलो. दशावतारी गंजिफाची पानं 120, दहा अवतारांच्या दहा रंगांत बारा-बारा, सगळी वाटोळी. ही कला जवळजवळ संपत आली होती. 1970 च्या दशकात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच चित्रकार बसवून ती पुन्हा उभी केली. आजही तिथे दरबारात बसून पानं रंगवतात.

आणि इथे पुन्हा भेटली चिंचोक्याची खळ. कागदाच्या चकत्या खळीने एकावर एक चिकटवून पान ताठ करतात, वर रंगाचा हात, मग चित्र, मग लाख. मधे घोटणं. गुळगुळीत दगडाने पान घोटून घोटून त्याची चकाकी वर आणायची. पट्टणकोडोलीला जी खळ वापराने हळूहळू निघून जावी अशी अपेक्षा असते, तीच इथे कायमची राहायला हवी. पण ताठपणालाही माप आहे. चित्रकाराने एक कोरं पान दोन बोटांत धरून हलकं दाबलं. किंचित वाकलं, सोडल्यावर सरळ झालं. "न वाकलं तर पिसताना लाख तडकते," तो म्हणाला. "जास्त वाकलं तर हातात धरवत नाही." त्याने नापसंत केलेल्या पानांची चळत बाजूला होती. मी त्यातली दोन दाबून पाहिली, मला काही वेगळं लागलं नाही. त्याच्या बोटांना लागत होतं.

आत्याला गंजिफा घ्यायचा होता, शेजारच्या बाळासाठी. चित्रकाराने विचारलं, केवढं आहे बाळ?

"सात महिन्यांचं. दात येतायत."

"मग याला हात लावू देऊ नका. खळीत मोरचूद घालतो मी, कीड लागू नये म्हणून. चितारआळीत जा, बिनरंगाचं काहीतरी मागा."

संध्याकाळी तुतारी एक्स्प्रेस धरायची होती, तरी परत मामांकडे गेलो. त्यांनी आतून रंग न लावलेली केळी काढली, कानशीने कडा मोडल्या, तळहातावर फिरवून बघितल्या, परत मोडल्या. आत्याने दोन केळी आणि एक वांगं घेतलं, आणि वांग्याला रंग नसताना पैसे रंगीत वांग्याएवढेच का, यावर रिक्षा दारात उभी असेपर्यंत हुज्जत घातली. मामांनी पैसे कमी केले नाहीत. एक मिरची वर टाकली.